राष्ट्रगीत चुकलं तेव्हा मी पुलावर होते

मित्रांनो, मला बघून तुमच्या मनात काय येतं ते मला ठाऊक आहे. पुढचा एक दिवा चिकटपट्टीने बांधलेला, डाव्या अंगाचा पत्रा पोचलेला, आणि सुरू करताना असा खोकला की शेजारच्या कोंबड्या उठून पळाव्यात. मी एक जुनी पिकअप गाडी आहे, वय वर्षं एकोणतीस. माणसाचं एकोणतीस म्हणजे ऐन उमेदीचं, पण गाडीचं एकोणतीस म्हणजे काय ते तुम्हीच समजा. मी दमले आहे हे आधीच सांगून ठेवते. बोलता बोलता मध्येच उसासा टाकला तर राग मानू नका.

माझा जन्म उत्तरेतल्या एका मोठ्या कारखान्यातला. तिथून मी नेब्रास्कात आले, ते गुराढोरांच्या डॉक्टरीण वेर्नाबाईंकडे. बाईंच्या हाताला यश होतं आणि शिस्तही होती. रात्री-अपरात्री अडलेल्या गाईसाठी चिखलातून जायचं, आणि रविवारी मला अंगणात उभं करून साबणाने धुवायचं, हा त्यांचा नेम. तेल काळं पडायच्या आत बदललं जायचं. लोक म्हणायचे, बाई, गाडी अगदी नवी ठेवलीय हो. ऐकून मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू!

बाई गेल्या आणि मी त्यांच्या पुतण्याच्या वाट्याला आले. तो टॉड. त्याने माझ्या गाद्यांवर कॉफी सांडली, आरशाला धडक दिली, आणि एका थंडीत चावी आत विसरला म्हणून डाव्या दाराचं कुलूप पेचकसाने उचकटलं. उद्या दुरुस्त करू म्हणाला, आणि तो उद्या सहा वर्षं उजाडला नाही. शेवटी त्याने मला जुन्या गाड्यांच्या वाड्यात उभं केलं आणि मागे वळूनही पाहिलं नाही. टायरांत गवत उगवलं तेव्हा मी मनाशी म्हटलं, चला, संपलं एकदाचं.

पण संपलं नव्हतं. एका सकाळी अन्सेल्मो आला. जवळच्या खाटीकखान्यात तो तेवीस वर्षं मांस कापत होता. हाताची बोटं सकाळी उघडायची नाहीत, ती तो गरम पाण्यात धरून उघडायचा. ग्वाटेमालाच्या डोंगरातला माणूस, कोमितान्सियो गावाच्या वरच्या पाड्यावरचा. एकोणिसाव्या वर्षी घर सोडलं ते परत गेला नव्हता. आता त्याला जायचं होतं, कायमचं. त्याने माझं झाकण उघडलं, तेलाची पट्टी पुसून पाहिली, आणि मला म्हणाला, "म्हातारे, एवढी एक खेप मारशील ना?" मला वेर्नाबाईंनंतर कुणी काही विचारलंच नव्हतं. मी पहिल्या फटक्याला सुरू झाले.

माझ्या पाठीवर त्याने काय काय लादलं म्हणून सांगू! फ्रीज, दोन शिलाई मशिनं, गाद्या, सायकली, घमेली, पत्र्याचे डबे, भाचीसाठी आरसा. वरून निळी ताडपत्री आणि दोरखंड. त्या ओझ्याने चाकांवरचे माझे स्प्रिंगचे पाटे असे दबले की चाक कमानीला घासायचं. टेक्सासच्या टोकाला मी पहिल्यांदा देश ओलांडला. मला वाटलं होतं, देश बदलला म्हणजे काहीतरी मोठं होत असेल. कसलं काय! एक लोखंडी फाटक, एक पेंगलेला कुत्रा, आणि फाटकाच्या पलीकडे तेच ऊन. एवढंच की, अलीकडे माझ्याकडे कुणी पाहायचं नाही, आणि पलीकडे प्रत्येक खाकी टोपीवाला माझ्याभोवती दोन प्रदक्षिणा घालून "काय आणलंय?" विचारायचा. मेक्सिकोने मला दहा दिवसांचा परवाना दिला. दहा दिवसांत दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं, नाहीतर गाडी जप्त.

त्या दहा दिवसांत माझ्या नाकी नऊ आले. रस्त्यात प्रत्येक वस्तीला आडवे उंचवटे, त्या प्रत्येकावर माझा कणा कटकन वाजायचा. दोनदा पाणी उकळलं, एकदा पट्टा तुटला आणि तीन दिवस मेकॅनिकची वाट बघत गेले. अन्सेल्मो रात्री माझ्याच बाकावर पाय दुमडून झोपायचा आणि दिवसभर माझ्याशी बोलायचा. गाडीशी बोलतो म्हणून हसू नका, दमलेल्या माणसाला ऐकणारं कुणीतरी लागतं.

आणि मग माझ्या हातून ते घडलं. वेराक्रूझच्या पुढे एका पेट्रोलपंपावर तो तोंड धुवायला गेला. भर दुपार होती. एक माणूस आला, त्याने माझं डावं दार नुसतं ओढलं, आणि दार उघडलं. उघडणारच, कुलूप कुठे होतं? बाकावरची पिशवी घेऊन तो शांतपणे निघून गेला. त्या पिशवीत अन्सेल्मोचा पासपोर्ट होता. माझे कागद आणि त्याचं तेवीस वर्षांपूर्वीचं ओळखपुस्तक समोरच्या खणात होतं म्हणून वाचलं. ते पुस्तक आता सरकारने केव्हाच बाद केलंय, आणि आतल्या फोटोत एक हडकुळा, मोठ्या कानांचा पोरगा आहे. अन्सेल्मो मला एका शब्दाने बोलला नाही, उलट दारावर हात ठेवून म्हणाला, असू दे. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

दहाव्या दिवशी सकाळी आम्ही सरहद्दीवरच्या सुचियाते नदीच्या पुलावर पोचलो. मेक्सिकोच्या बाजूने आम्हाला बाहेर काढलं आणि ग्वाटेमालाच्या छपराखाली उभं केलं. आता नीट ऐका, कारण सगळं इथे अडलं. पाच वाजता ग्वाटेमालाची खिडकी बंद होणार होती, आणि माझा परवाना त्याच दिवशी संपत होता. खिडकीने घेतलं तर अन्सेल्मो संध्याकाळी आईच्या घराच्या वाटेला. नाही घेतलं तर मी जप्तीच्या वाड्यात, आणि बिनपासपोर्टचा अन्सेल्मो मेक्सिकोच्या कोठडीत. तिथून पुढे कधी, कुठे, ते देव जाणे.

खिडकीत ओदिलियाबाई होत्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, समोर पंखा. बाई दुष्ट नव्हत्या, फक्त माझ्याइतक्याच दमलेल्या होत्या. त्यांनी ओळखपुस्तक उघडलं, फोटो पाहिला, अन्सेल्मोकडे पाहिलं. फोटोतला पोरगा आणि समोरचा ढेरपोट्या, टक्कल पडलेला माणूस यांच्यात कानांशिवाय काही सारखं नव्हतं. त्यांनी गाव विचारलं, त्याने सांगितलं. जत्रा कधी असते विचारलं, तेही त्याने सांगितलं. पण तो जसजसा बोलत गेला तसतसा बाईंचा चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"तुम्ही मेक्सिकन आहात," त्या म्हणाल्या.

तो नाही म्हणाला, आणि तेही मेक्सिकन हेल काढून म्हणाला. मित्रांनो, दोन्हीकडे भाषा स्पॅनिशच. पण ग्वाटेमालात जवळच्या माणसाला 'वोस' म्हणतात आणि पलीकडे 'तू' म्हणतात. हो, अगदी तुमच्यासारखंच 'तू'. असे शंभर शब्द. अन्सेल्मोच्या तोंडून एकूण एक शब्द पलीकडचा येत होता. बाईंचं म्हणणं असं की मेलेल्या माणसांची जुनी पुस्तकं बाजारात मिळतात, आणि जत्रेची तारीख कुणीही पाठ करतो. तो म्हणाला, मी आमची माम भाषा बोलून दाखवतो. त्या म्हणाल्या, माम बोलणारे नदीच्या त्या काठावरही आहेत. शेवटी त्यांनी पंख्याचं तोंड बाजूला केलं.

"शाळेत गेला होता ना? मग राष्ट्रगीत म्हणा."

अन्सेल्मोचा चेहरा उजळला. त्याने टोपी काढली, माझ्या बॉनेटवर ठेवली, छाती पुढे काढून ताठ उभा राहिला आणि खड्या आवाजात गायला लागला. दोन ओळी झाल्या. रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. तिसऱ्या ओळीवर सगळी रांग हसत होती आणि त्याला कळेना का. कळलं तेव्हा त्याचं तोंड उघडंच राहिलं. तो मेक्सिकोचं राष्ट्रगीत म्हणत होता.

कपाळ माझं! मला हात असते तर मी ते कपाळावर मारून घेतले असते.

हे कसं झालं ते त्याने मला रस्त्यात सांगितलेल्या गोष्टीवरून मला उमगलं. एकोणीस वर्षांचा असताना तो उत्तरेकडे निघाला, तेव्हा पलीकडे नेणाऱ्या दलालाने सहा पोरांना एका खोलीत तीन आठवडे कोंडलं होतं. वाटेत मेक्सिकन शिपाई बस थांबवून परक्यांना उतरवायचे, म्हणून पोरांना मेक्सिकन बनवायचं होतं. जो 'वोस' म्हणेल त्याच्या टाळक्यात टपली. तिथलं गाणं, तिथले शब्द, तिथला हेल, सगळं घोटून घेतलं. पुढे एका नाक्यावर शिपायाने खरोखरच गायला लावलं. अन्सेल्मोने न अडखळता म्हटलं आणि वाचला, दोघं अडखळले आणि बसमधून खाली गेले. जिवावर बेतलेल्या वेळी जे म्हटलं ते असं आत जाऊन बसलं की शाळेतलं गाणं त्याच्या खाली गाडलं गेलं. पुढे खाटीकखान्यात आजूबाजूला सगळे मेक्सिकनच. तो त्यांच्यासारखा बोलत राहिला, आणि वोस म्हणायला तेवीस वर्षांत कुणी भेटलंच नाही.

ओदिलियाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुस्तक मिटलं आणि हळू आवाजात सांगितलं, तुम्हाला ओळखणारं कुणी तरी समोर आणा, पाचच्या आत, मला दुसरं काही करता येणार नाही. साडेदहा वाजले होते. अन्सेल्मोने भाचीला, नोएमीला, फोन लावला. तिने सांगितलं की आजीला घेऊन निघते, पण तीन बस बदलाव्या लागतील, पोचेन की नाही सांगता येत नाही.

मग आम्ही वाट बघत बसलो. परमुलखातली कीड आत येऊ नये म्हणून चाकांवर औषध फवारणारा डॉन फेर्मिन, म्हणजे आपला फेर्मिनराव, तिथे होता, पाठीवर पिवळी टाकी, तोंडाला फडकं. नव्या देशाने मला काय दिलं म्हणाल, तर पहिलं हे, नाकाडोळ्यांत जाणारं कडू पाणी. फेर्मिनची जीभ त्याच्या औषधाहून कडू. तो अन्सेल्मोला "काय मेक्सिकन साहेब, गाणं छान म्हणता हो, बारशाला याल का?" असं विचारत फिरत होता. पण दुपारी त्यानेच आपल्या फडक्यातल्या मक्याच्या भाकऱ्या काढून अर्ध्या अन्सेल्मोच्या हातावर ठेवल्या.

"म्हण रे, वोस," फेर्मिन म्हणाला.

"तू," अन्सेल्मो म्हणाला, आणि दोघंही हसले. पण अन्सेल्मोचं हसू लवकर आटलं. तो माझ्या पायरीवर बसला, गुडघ्यांत डोकं घालून. इतका दमलेला माणूस मी पाहिला नाही, आणि मी वाड्यात सहा महिने गंजत काढलेत.

"तिकडे मी परका होतो, ते चालून गेलं," तो मला म्हणाला. "परक्या जागी परकं वाटणारच. पण इथेही परका झालो, तर मग मी कुठला गं?"

माझं इंजिन बंद होतं. मला त्याची इतकी दया आली की पाणी नसताना माझी टाकी ठिबकल्यासारखी वाटली. पुलावरून मला पलीकडचा देश दिसत होता. एक धुळकट रस्ता, आंब्याची झाडं, तीनचाकी रिक्षा, टायरचं दुकान. मागे वळून पाहिलं तर मागेही धुळकट रस्ता, आंब्याची झाडं, तीनचाकी रिक्षा, टायरचं दुकान. खड्डेसुद्धा सारखेच. एवढ्यासाठी लोक जिवाचं रान का करतात, हे मला गाडीच्या डोक्याला समजत नव्हतं.

चार वाजून वीस मिनिटांनी त्या आल्या. नोएमी पुढे, धावत, आणि मागून दोन्या हुलियाना, म्हणजे हुलियानाबाई, अन्सेल्मोची आई. एवढीशी बाई. घरी विणलेलं लुगडं, कमरेला रुंद पट्टा, पायात प्लास्टिकच्या चपला. अन्सेल्मो उठला, दोन पावलं पुढे गेला आणि थांबला. तीही थांबली. ओदिलियाबाई खिडकी सोडून बाहेर आल्या आणि नोएमीला म्हणाल्या, आजींना विचार, हा त्यांचा मुलगा का?

नोएमीने माम भाषेत विचारलं. म्हातारीने अन्सेल्मोकडे पाहिलं. मग ती त्याच्याभोवती फिरली, सावकाश, ते खाकी टोपीवाले माझ्याभोवती फिरायचे तशी. टक्कल पाहिलं, पोट पाहिलं, वाकडी झालेली बोटं पाहिली. आणि मान हलवून एकच शब्द बोलली. नोएमीचा चेहरा पांढरा पडला.

"काय म्हणाल्या?" बाईंनी विचारलं.

"नाही म्हणाली," नोएमी कशीबशी बोलली. "आजी, अगं काय बोलतेस हे?"

म्हातारी मग बोलायला लागली, न थांबता. आवाज चढवला नाही, पण एक एक शब्द टाकत गेली. मला ती भाषा येत नाही. नोएमीने बाईंना जे सांगितलं तेवढंच मला ठाऊक आहे. ती म्हणत होती, माझा पोरगा मीठ आणायला गेला होता. बाजाराचा दिवस होता. चुलीवर घेवडा शिजत होता, मी म्हटलं मीठ संपलंय, तो म्हणाला आलोच घेऊन, आणि टोपी घालून गेला. घेवडा करपला. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकला. आठ महिन्यांनी फोन आला तो दुसऱ्या देशातून. विचार याला, हा माझा पोरगा असेल तर मीठ कुठे आहे?

तेवीस वर्षं दर रविवारी ती त्याच्याशी फोनवर बोलली होती. तब्येत, पाऊस, कोंबड्या, सगळं बोलली होती. हे एकदाही विचारलं नव्हतं. हे तिने समोरासमोर विचारायला राखून ठेवलं होतं.

अन्सेल्मोने माझ्याकडे पाहिलं. माझ्या पाठीवर फ्रीज होता, शिलाई मशिनं होती, गाद्या, सायकली, आरसा होता. मीठ नव्हतं. त्याचे ओठ हलले, आणि तो आपल्या आईच्या भाषेत काहीतरी बोलला, अगदी थोडं. दहा दिवसांत मी तो आवाज ऐकला नव्हता. त्यात कसलाच हेल नव्हता, तो एकोणीस वर्षांच्या पोराचा आवाज होता. नोएमी रडत होती, तरी तिने सांगितलं, "मामा म्हणतोय, आई, तुला सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस."

म्हातारीने त्याच्या दंडावर एक चापट मारली. मग दुसरी मारली. मग तोच दंड घट्ट धरून ठेवला आणि सोडेचना.

"आता काय म्हणतात आजी?" ओदिलियाबाईंनी विचारलं.

"काही नाही," नोएमी म्हणाली. "भांडतेय."

"मग झालं," बाई म्हणाल्या. "परक्याशी इतकं कुणी भांडत नाही." त्यांनी म्हातारीचा अंगठा कागदावर घेतला आणि पाचला दहा मिनिटं असताना शिक्का मारला. डॉन फेर्मिनने फडक्याने नाक पुसलं आणि औषधाला शिव्या दिल्या.

अन्सेल्मोने मला सुरू केलं. मी दोनदा खोकले आणि निघाले. नव्या देशातलं माझं पहिलं अंतर किती असेल? दोनशे पावलं. कारण दोन्या हुलियाना आत बसायलाच तयार नव्हती. ती माझ्या शेजारून चालत होती, खिडकीची कड धरून, आणि पहिलं किराणा दुकान दिसताच तिने माझ्या पत्र्यावर थाप मारली. अन्सेल्मो उतरला. त्याने एक पाउंड मीठ मागितलं. दुकानदाराने त्याचं बोलणं ऐकून सहज विचारलं, पाव्हणे कुठले, मेक्सिकोचे का?

"इथलाच आहे," तो म्हणाला. "जरा उशीर झाला."

म्हातारीने पुडी हातात घेतली, दाबून पाहिली, जाडं आणलंस म्हणून कुरकुरली, आणि मग आत चढून बसली. पुडी तिने मांडीवर ठेवली आणि वर दोन्ही हात. चढण लागली, धुकं लागलं, माझा श्वास लागला, पण मी एकदाही बंद पडले नाही. का, ते मला विचारू नका.

आता मी त्या डोंगरात असते. मक्याची पोती वाहते, बाजाराच्या दिवशी वीस-वीस माणसं उभ्याने वाहते, शाळेतली पोरं माझ्या काचेवर बोटांनी नावं लिहितात. अन्सेल्मो त्या पोरांकडून 'वोस' शिकतोय, आणि पोरं त्याला चुकलं की टपली मारतात. मी थकले आहे. एखाद्या सकाळी मी सुरू होणार नाही, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. तोवर माझं तेल बघत जा, अंगावरची धूळ पुसत जा, एवढंच मागणं.

आणि मित्रांनो, एक सांगते, ते माझ्यासाठी नाही. तुम्हीही कधीतरी मोठ्या रस्त्याला लागाल. जा, खुशाल जा, गाड्या त्यासाठीच असतात. पण घरातून निघताना कुठे चाललात ते खरं सांगून निघा. आई रडेल, रागावेल, कदाचित दारात आडवी पडेल. तरी सांगा. चुलीवरचं उतरवून ठेवायचं की नाही, एवढं तरी तिला कळू द्या.